आधी भाकर, मग मार्गदर्शन

या अंकासाठी निवडलेली चार पत्रे वेगवेगळ्या गावांतून आली असली, तरी त्यांचे दुखणे एकच आहे. ठरलेले किंवा जुळू पाहणारे नाते मोडले आहे आणि ख्रिस्ती विश्वासाच्या आधाराने पुढचे पाऊल कसे टाकावे, हे लिहिणाऱ्याला उमगत नाही. पत्रे संक्षिप्त केली आहेत आणि ओळख पटेल असा तपशील वगळला आहे.

प्रश्न : आदरणीय बाई, सप्रेम सलाम. मी २७ वर्षांची असून पुण्यात नोकरी करते. घर अहिल्यानगर जिल्ह्यात आहे. आमच्याच मंडळीतील, म्हणजे चर्चमधील, एका मुलाशी माझे तीन वर्षे प्रेमसंबंध होते. उन्हाळ्यात दोन्ही घरांच्या संमतीने साखरपुडा झाला, पाळकसाहेबांनी अंगठ्यांवर प्रार्थना केली आणि डिसेंबरची तारीख धरून पत्रिकाही छापल्या. ऑगस्टमध्ये त्याचा फोन आला. ‘मी उपास करून प्रार्थना केली. तू माझ्यासाठी नाहीस असे प्रभूने मला दाखवले,’ एवढेच तो म्हणाला. ‘देवाने जे जोडले आहे ते माणसाने तोडू नये’ हे वचन छापलेल्या त्या पत्रिकांचा गठ्ठा आईने जुन्या साडीत बांधून कपाटावर ठेवला आहे. मंडळीतल्या बायका म्हणतात, रडू नकोस, रडणे म्हणजे अविश्वास, देवाची योजना याहून चांगली असेल. मला उपासनेत बसवत नाही. प्रभूने त्याला सांगितले, तर मला का सांगितले नाही? तो आता ‘क्षमा कर, आपण मित्र राहू’ असे मेसेज पाठवतो. क्षमा करायची म्हणजे त्याच्याशी पूर्वीसारखे बोलायचे का? आणखी एक गोष्ट मी कोणालाच सांगितलेली नाही. आमच्याकडून मर्यादा ओलांडली गेली होती. ही त्याचीच शिक्षा असेल का?

उत्तर : प्रिय मुली, तुझ्या प्रश्नांकडे वळण्याआधी मलाच तुला विचारायचे आहे, की तू दोन वेळा नीट जेवतेस का आणि रात्री झोप लागते का? तुझ्या पत्रात प्रभूचा, पाळकसाहेबांचा, आईचा आणि त्या मुलाचा उल्लेख आहे, पण तू स्वतः कशी राहतेस, डबा खातेस की तसाच परत आणतेस, याविषयी अक्षरही नाही. हा प्रश्न मी पवित्र शास्त्राच्या, म्हणजे बायबलच्या आधारानेच विचारते आहे.

१ राजे, १९वा अध्याय काढून सावकाश वाच. कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय पाहिलेला एलीया संदेष्टा ईजबेल राणीच्या जिवे मारण्याच्या एका निरोपाने खचला, बैर-शेब्याला चाकराला मागे ठेवून एकटाच रानात गेला आणि रतामाच्या झुडपाखाली बसून ‘आता पुरे, माझा प्राण घे’ म्हणाला. देवाने त्याला त्यावर काय उत्तर दिले? काहीच दिले नाही. त्याला झोपू दिले. मग देवदूताने त्याला हात लावून उठवले. उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचे भांडे होते. तो जेवला, पाणी प्याला आणि पुन्हा झोपला. देवदूताने दुसऱ्यांदा उठवून पुन्हा जेवायला सांगितले, कारण पुढची वाट त्याला झेपण्याजोगी नव्हती. त्यानंतर चाळीस दिवसांची वाटचाल झाली, तो होरेब डोंगरावर पोहोचला, आणि तिथे गुहेत प्रथमच त्याला विचारले गेले की, ‘एलीया, तू येथे काय करीत आहेस?’ पुढे काय करायचे, कोणाला अभिषेक करायचा, ही आज्ञा तर त्याच्याही नंतरची. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो, आणि आपल्या मंडळ्यांमध्ये नेमका तोच उलटा केला जातो. माणूस कोसळला की आपण आधी त्याला देवाची योजना समजावून सांगतो, मार्ग दाखवतो, आणि भाकरीची आठवण कोणालाच राहत नाही. म्हणून लग्न, नोकरी, गाव बदलणे यांपैकी कोणताही मोठा निर्णय तू निदान नाताळ उलटून जाईपर्यंत घेऊ नकोस. सध्या जेवण, झोप, रोजचे काम आणि जिच्यापुढे रडता येईल अशी एक विश्वासातली मैत्रीण एवढे पुरे आहे.

रडणे म्हणजे अविश्वास, हे ज्यांनी तुला सांगितले त्यांनी स्तोत्रसंहिता निवडून निवडून वाचली असावी. दीडशे स्तोत्रांपैकी निदान एक तृतीयांश स्तोत्रे विलापाची आहेत. तेराव्या स्तोत्राची सुरुवातच ‘कोठवर?’ या प्रश्नाने होते, आणि तो प्रश्न थेट देवाला केलेला आहे. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर शेवटपर्यंत उजेडात येत नाही, ते अंधारातच संपते. तरीही ते आपल्या शास्त्रात आहे आणि ते गाळावे असे कोणाही संपादकाला वाटले नाही. पंचावन्नाव्या स्तोत्रात दावीद राजा म्हणतो, की निंदा करणारा वैरी असता तर मी सोसले असते, पण हा तर माझ्या बरोबरीचा, माझा सोबती, ज्याच्यासोबत मी देवाच्या मंदिरात जात असे. ज्याच्या शेजारी बसून तू गीते गायलीस, त्याच्याच हातून दुखावली गेलीस; तुझे दुःख दाविदाच्या या दुःखाच्या अगदी जवळचे आहे. मरण पावलेल्या मित्राच्या, लाजराच्या कबरेपाशी आपण त्याला उठवणार आहोत हे ठाऊक असूनही प्रभू येशू रडला. पुढे चांगले होणार हे माहीत असणे आणि आज रडणे, या दोन्ही गोष्टी त्याच्या ठायी एकत्र नांदल्या. उपासनेत बसवत नसेल, तर काही रविवार मागच्या बाकावर बस, गाता येत नसेल तर गाऊ नकोस आणि आशीर्वादानंतर कोणाशी न बोलता निघ. ‘परमेश्वर भग्नहृदयी लोकांच्या सन्निध असतो’ असे चौतिसावे स्तोत्र सांगते. ते मन आधी सावरून मग या, अशी अट त्यात नाही.

‘देवाची योजना याहून चांगली’ या वाक्याविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण ते तुला पुष्कळ ठिकाणी ऐकावे लागेल. त्याचा आधार म्हणून, देव आपल्या हिताचे संकल्प करतो असे सांगणारे यिर्मया २९:११ दाखवतात. ते वचन खरे आहे, पण ज्या पत्रात ते आहे ते बाबेलात बंदिवान होऊन गेलेल्या लोकांना लिहिलेले होते, आणि त्याच्या आदल्याच ओवीत सत्तर वर्षांची मुदत सांगितली आहे. त्याच्या आधीच्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा येतो, जो दोन वर्षांत सगळे पूर्ववत होईल असे लोकांना सांगत होता. ऐकायला किती बरे वाटले असेल! यिर्मयाने त्याला तोंडावर खोटा म्हटले. ‘बघ, पुढच्या वर्षीपर्यंत याहून चांगले स्थळ येईल’ असे म्हणणारी माणसे प्रेमळ असतात, पण असे वचन देण्याचा अधिकार त्यांना कोणी दिलेला नाही. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायातील अठ्ठाविसावी ओवीही अशीच एकटी उचलली जाते. देव सर्व गोष्टींतून कल्याण साधतो असे ती म्हणते; घडलेली प्रत्येक गोष्ट चांगलीच होती, असे ती म्हणत नाही. आणि दोनच ओव्या आधी हे पत्र लिहिणारा प्रेषित पौल लिहितो की, आपल्याला प्रार्थना कशी करावी हेही कळत नाही तेव्हा पवित्र आत्मा शब्दांत न मावणाऱ्या कण्हण्याने आपल्यासाठी विनंती करतो. आज तुला त्या सव्विसाव्या ओवीची गरज अधिक आहे.

आता ‘प्रभूने मला दाखवले’ याविषयी. मी त्या मुलाला ओळखत नाही, त्याच्या प्रार्थनेचा न्याय करण्याचा मला अधिकारही नाही. लग्नाआधी कोणाचे मन बदलू शकते. बदलले असेल तर ते लग्नाआधी सांगणे हेच योग्य, मग ते कितीही उशिरा आणि कितीही जिव्हारी लागो. परंतु ‘माझे मन नाही’ हे पुरुषाने स्वतःच्या नावावर सांगावे. ते सांगण्याचे धैर्य नसले की प्रभूचे नाव पुढे करणे सोपे जाते, कारण मग समोरच्या मुलीला प्रश्न विचारण्याचीही सोय उरत नाही; विचारलेच तर ती देवाशी भांडते असे ठरते. तिसरी आज्ञा आपण फक्त शपथांपुरती धरतो. मला तरी वाटते, की देवाचे नाव व्यर्थ घेण्याचा हा प्रकार शपथेपेक्षा गंभीर आहे. प्रेषितांची कृत्ये, १५व्या अध्यायात यरुशलेमेतल्या मंडळीने मोठा निर्णय घेतला तो पुष्कळ वादविवाद झाल्यावर, सर्वांचे ऐकून घेऊन, आणि तेव्हा कुठे ‘पवित्र आत्म्याला व आम्हाला योग्य वाटले’ असे त्यांनी लिहिले. ज्या निर्णयात दोन माणसांचे आणि दोन घरांचे आयुष्य गुंतले आहे, तो देव एकालाच गुपचूप कळवतो आणि दुसऱ्याला फोनवर ऐकवायला लावतो, असे मानण्याचे मला कारण दिसत नाही. तेव्हा ‘मला का सांगितले नाही’ या प्रश्नाने स्वतःला जाळू नकोस. प्रभू तुला टाळून त्याच्याशी बोलला, असे तू धरून चालू नयेस.

पत्रिकेवरच्या वचनाने तुला टोचणी लावली आहे, हे पत्रावरून दिसते. मत्तय १९व्या अध्यायातील ते वचन विवाहाविषयी आहे. परुशी नावाच्या यहुदी धर्मपंथाच्या लोकांनी घटस्फोटाचा प्रश्न केला तेव्हा प्रभू ते बोलला. साखरपुडा हे वचन असते, तो विवाह नव्हे. तू काही तोडलेले नाहीस, आणि ज्याने तोडले त्यानेही विवाह तोडलेला नाही. त्या पत्रिका आईने ठेवल्या आहेत, कारण वचन छापलेला कागद रद्दीत घालायला तिचा हात धजत नसेल. एखाद्या दिवशी तुम्ही दोघी मिळून परसात त्या जाळून टाका आणि त्या वेळी आईलाही रडू दे. अंगठी आणि साड्या-दागिन्यांची परतफेड दोन्ही घरच्या वडीलधाऱ्यांनी पाळकसाहेबांसमक्ष एकाच बैठकीत उरकावी. तू स्वतः जाण्याची गरज नाही.

क्षमेविषयी तू विचारतेस, तर १ शमुवेल, २६वा अध्याय पाहा. आपला जीव घ्यायला निघालेला राजा शौल छावणीत झोपलेला असताना दाविदाने त्याच्या उशाचा भाला आणि पाण्याचे भांडे उचलून आणले, त्याच्या केसालाही धक्का लावला नाही. शौल गहिवरला, ‘माझ्या पुत्रा, परत ये, मी पुन्हा तुझे वाईट करणार नाही’ म्हणाला. दाविदाने काय केले? भाला परत दिला, स्वतः मात्र परत गेला नाही. शेवटची ओवी सांगते की दावीद आपल्या वाटेने गेला आणि शौल आपल्या ठिकाणी परतला. सूड न घेणे, त्याची बदनामी न करणे, त्याचे वाईट न चिंतणे, ही क्षमा तुझ्या हातात आहे आणि ती एका दिवसात होणार नाही. ‘सत्तर वेळा सात’ क्षमा कर म्हणताना प्रभूला तेही माहीत होते. मैत्री ही वेगळी गोष्ट आहे आणि ती देण्याचे बंधन तुझ्यावर नाही. ‘मी तुझे वाईट इच्छीत नाही, पण यापुढे मेसेज करू नकोस,’ एवढे एकदा लिही आणि त्याचा नंबर बंद कर. त्याच्याबरोबरचे फोटो आणि जुने संदेश मैत्रिणींच्या गटात फिरवण्याचा मोह होईल. तेव्हा योसेफाची आठवण ठेव. येशूची आई मरीया गरोदर आहे हे कळल्यावर तिच्याविषयी त्याचा गैरसमज झाला होता, त्या काळच्या यहुदी रीतीप्रमाणे वाङ्निश्चय मोडायलाही सूटपत्र लागत असे, तरी तिची बेअब्रू होऊ नये म्हणून त्याने गुपचूप सोडण्याचा विचार केला, आणि शास्त्र त्याला या कारणासाठी नीतिमान म्हणते.

शेवटची गोष्ट तू धीर करून लिहिलीस. शिष्यांनी जन्मांध माणसाकडे बोट दाखवून कोणाच्या पापाने हा असा झाला, असे विचारले, तेव्हा प्रभूने तो हिशेबच नाकारला. जे झाले ते योग्य नव्हते असे तुझे मन सांगत असेल, तर ते देवापुढे कबूल कर. १ योहान १:९ त्यासाठीच आहे, आणि कबूल केल्यावर ते पुन्हा पुन्हा उकरू नकोस. मात्र ते दोघांनी केले होते. आपल्या समाजात त्याची लाज नेहमी एकट्या मुलीच्या पदरात टाकली जाते. ती सगळी तू घेऊ नकोस. आणि नाते मोडणे हा त्याचा दंड आहे, असे मला वाटत नाही. तसे असते तर तो दोघांनाही सारखाच बसला असता.

प्रश्न : माझा मुलगा २४ वर्षांचा आहे. आम्ही सोलापूरला असतो. कॉलेजपासूनच्या मैत्रिणीने त्याला सोडले आणि तिचे दुसरीकडे लग्न ठरले. तो मंडळीत गिटार वाजवत असे. आता रविवारी उठतच नाही, खोलीचे दार लावून बसतो. त्याचे वडील म्हणतात, पुरुषासारखा पुरुष एका मुलीसाठी रडतो काय! मी त्याला रोज सकाळी व्हॉट्सॲपवर वचने पाठवते, पण तो उत्तर देत नाही. आई म्हणून मी काय करावे?

उत्तर : ताई, वचने पाठवणे काही दिवस थांबवा. देवाच्या वचनाविषयी अनादर म्हणून मी हे सांगत नाही. दाराच्या पलीकडे असलेल्या मुलाला फोनवर आलेले वचन हे आईने दाराबाहेरून केलेल्या उपदेशासारखेच वाटत असणार. संकटांनी खचलेल्या ईयोबाचे तीन मित्र आले तेव्हा सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले आणि एक शब्द बोलले नाहीत. त्यांनी केलेले सर्वांत चांगले काम तेवढेच; आठव्या दिवसापासून ते बोलू लागले आणि पुढचे वीसेक अध्याय बोलतच राहिले, ज्याबद्दल शेवटी देवाने त्यांना फटकारले. तुम्ही संध्याकाळी चहाचे दोन कप घेऊन त्याच्या खोलीत जा, त्याच्या कॉटच्या कडेला बसा आणि काही विचारू नका. तो बोलला तर ऐका. नाही बोलला तर कप घेऊन बाहेर या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. त्याच्या वडिलांना सांगा की प्रभू येशू चारचौघांत रडला होता, दावीद रडला होता, येशूचा शिष्य पेत्र तर आवारातून बाहेर पडून मोठ्या दुःखाने रडला होता. या तिघांना पुरुषपणा शिकवायची कोणाची छाती आहे?

त्याला गिटार वाजवायला लावू नका. मंडळीतल्या तरुण संघाच्या पुढाऱ्याने त्याला ‘तू येत नाहीस म्हणून गाण्याची पंचाईत होते’ असे सांगू नये, एवढी काळजी मात्र घ्या. आपल्याकडे लोक माणसापेक्षा त्याच्या सेवेचीच आठवण जास्त काढतात.

एक गोष्ट मात्र थांबून चालणार नाही. त्याची झोप कित्येक दिवस उडालेली असेल, तो दारू किंवा गोळ्यांकडे वळला असेल, आवडीच्या वस्तू वाटून टाकत असेल, ‘मी नसतो तर बरे झाले असते’ अशा अर्थाचे काही बोलला असेल, तर सरळ विचारा, ‘बाळा, जीव द्यावा असे मनात येते का?’ विचारल्याने तसा विचार डोक्यात शिरतो ही समजूत चुकीची आहे. उलट कोणीतरी विचारल्याने मुलांचे ओझे उतरते. केंद्र शासनाच्या टेलि मानस सेवेचा क्रमांक १४४१६ असून तो चोवीस तास सुरू असतो, मराठीत बोलता येते आणि पैसे लागत नाहीत. उत्तर ‘हो’ आले, तर त्याला क्षणभरही एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाकडे किंवा जवळच्या रुग्णालयात न्या. विश्वासणाऱ्याने मनाच्या डॉक्टरकडे कसे जावे, असे कोणी म्हटलेच, तर शुभवर्तमान लिहिणाऱ्या लूकला पौल ‘प्रिय वैद्य’ म्हणतो, एवढे त्याला दाखवा आणि रिक्षा बोलवा.

प्रश्न : मी मुंबईला असते. आमचे नाते तुटले तेव्हापासून माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये दर बुधवारी नोव्हेनाला, म्हणजे सलग नऊ वेळा करायच्या प्रार्थनेला जाते, नऊ बुधवार आता पूर्ण होतील. तो परत यावा एवढेच मागते. मामी म्हणते, विश्वासाने मागितले तर मिळतेच. बाई, तो परत येईल का?

उत्तर : प्रिय मुली, मी प्रॉटेस्टंट घरातली आहे, तरी माहीमचा बुधवार मला परका नाही. १९४८ पासून चालत आलेल्या त्या प्रार्थनेला सर्व धर्मांची माणसे रांगा लावतात, मेणबत्ती घेऊन उभी राहतात, आणि त्या रांगेत तुझ्यासारख्या कित्येक जणी असतील. मागणे चुकीचे नाही. गेथशेमाने बागेत प्रभूने स्वतः एकच मागणे तीनदा मागितले. पौलानेही शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा विनवणी केली, आणि काटा निघाला नाही. ‘माझी कृपा तुला पुरेशी आहे’ असे उत्तर मिळाले. या दोघांचा विश्वास कमी पडला, असे तुझी मामीसुद्धा म्हणणार नाही.

तुझ्या मागण्यात एक अडचण आहे, ती अशी की त्यात दुसऱ्या माणसाचे मन येते. देव माणसाचे मन ओढून कोणाच्या पदरात घालत नाही. त्याने स्वतःवर प्रेम करण्याचीही कोणावर सक्ती केलेली नाही. पुनर्मिलन म्हटले की मराठी ख्रिस्ती माणसाला कवी रेव्हरंड ना. वा. टिळक आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई आठवतात. १८९५ साली टिळकांनी बाप्तिस्मा घेतला, म्हणजे ते ख्रिस्ती झाले, त्यामुळे दोघांत काही वर्षांचा दुरावा पडला आणि पुढे ती दोघे पुन्हा एकत्र नांदली. पण ते पती-पत्नी होते, आणि दुराव्याच्या काळातही दोघांच्या मनाचा धागा तुटलेला नव्हता. ज्याने ‘मला नको’ असे स्पष्ट सांगितले आहे, त्याच्याबाबतीत ही गोष्ट लावून पाहू नकोस.

नऊ बुधवार पूर्ण कर, मध्येच सोडू नकोस. फक्त उरलेल्या बुधवारी मागणे थोडे बदल. ‘तो परत येवो’ याऐवजी ‘मला जे झाले ते सोसण्याचे बळ मिळो’ असे म्हणून पाहा, ओठांवर आले नाही तर लिहून पेटीत टाक. आणि तो कधी ऑनलाइन होता, त्याने कोणते स्टेटस ठेवले, हे रात्री दोन वाजता पाहणे आजपासून बंद. बुधवारी प्रार्थना करायची आणि उरलेले सहा दिवस त्याचा पाठलाग करायचा, याने जखमेवर खपली धरत नाही.

प्रश्न : मी वसईचा, कॅथलिक. तीही कॅथलिकच, आमच्या शेजारच्या धर्मग्रामातली (दुसऱ्या चर्चच्या हद्दीतली). चार वर्षे आम्ही एकमेकांना ओळखत होतो, पण आमचा समाज वेगळा म्हणून तिच्या घरच्यांनी नकार दिला आणि शेवटी तिनेही ‘घरच्यांविरुद्ध जाणार नाही’ म्हणून नाते संपवले. एकाच वेदीवरून ख्रिस्तशरीर घेणाऱ्या माणसांत ही भिंत कशी? मला आता चर्चचाच राग येतो.

उत्तर : तुझा राग रास्त आहे आणि तो कमी कर असे मी सांगणार नाही. चर्चच्या कायद्यात समाज किंवा पोटजात हा विवाहातला अडथळा नाही. अडथळा आहे तो घराघरांत. तो फक्त वसईतच आहे असेही नाही, आमच्या देशावरच्या मंडळ्यांतही पूर्वीची जात विचारूनच स्थळे पाहिली जातात आणि वर ‘आम्ही ख्रिस्तात एक आहोत’ असे गीत गायले जाते. रोटीव्यवहार सुटला, बेटीव्यवहारापाशी सगळे अडले. अंत्युखियात पेत्र विदेशी, म्हणजे यहुदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांबरोबर जेवत असे, पण यरुशलेमेची माणसे आल्यावर लोक काय म्हणतील या भीतीने तो वेगळा बसू लागला, तेव्हा पौलाने सर्वांसमक्ष त्याला तोंडावर बोल लावला. गलतीकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात हे सगळे आहे, आणि ‘तुम्ही सर्व ख्रिस्त येशूच्या ठायी एकच आहात’ हे वाक्य त्या भांडणानंतरच्या पानावर येते. म्हणजे चर्चवर रागावणारा तू पहिला नाहीस, आणि पौल रागावून चर्च सोडून गेला नाही, हेही त्यात लिहिले आहे.

पण त्या मुलीविषयी तुला माझे ऐकावे लागेल. तिच्यावर दबाव होता हे उघड आहे. तरीही नकार तिने दिला आहे, आणि तो कोणत्या भीतीपोटी दिला याची चिकित्सा करून तो रद्द ठरवण्याचा अधिकार तुला पोहोचत नाही. तिच्या वाटेवर गाडी घेऊन उभे राहणे, तिच्या मैत्रिणींकरवी निरोप धाडणे, तिच्या भावांशी वाद घालणे, यांपैकी काही चालू असेल तर ते थांबव. तिने आपणहून विचार बदलला आणि तुला कळवले, तर दोघांनी मिळून तुमच्या फादरांकडे जा आणि त्यांना तिच्या घरच्यांशी बोलण्याची विनंती करा. पुष्कळदा पालक धर्मगुरूंच्या शब्दाला मान देतात. तिने कळवले नाही, तर हे प्रकरण संपले असे धर आणि शोक कर. शोकाला वेळ लागतो, त्यात तू कमकुवत ठरत नाहीस.

रागाचे काय करायचे, ते सांगते. तुमच्या धर्मग्रामात विवाहपूर्व मार्गदर्शन शिबिर होत असेल. फादरांना भेटून सांग, की तिथे नवरा-नवरींना जे शिकवले जाते त्याचा एक तास त्यांच्या आई-वडिलांसाठी ठेवा आणि त्यात गलतीकरांस पत्राचा दुसरा आणि तिसरा अध्याय घ्या. ते लगेच ऐकतीलच असे नाही. पण हे सांगायला आज जाऊ नकोस; अजून तुझा आवाज चढेल. शांतपणे बोलता येईल असे वाटेल तेव्हा जा, आणि जाताना तुझ्याच समाजातल्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसाला बरोबर ने.